भूत व्हायचंय? आधी परत लपायला शिका

भूतबंगल्यात लोकांना घाबरवायच्या कामासाठी जाहिरातीत ‘स्केअर अ‍ॅक्टर’ लिहिलेलं असतं. ठेकेदाराच्या हजेरीवहीत मात्र ‘भूत १’, ‘भूत २’ आणि ‘चुडेल’ एवढंच. मी चार सीझन ती चुडेल होते. घर बडोद्याच्या दांडिया बाजारातलं, घरात बोलणं मराठी, त्यामुळे मी स्वतःला हडळच म्हणते. पगारात फरक पडत नाही.

बडोद्यात आता ऑक्टोबर संपता संपता पार्क, मॉल, क्लब, अगदी मोठ्या सोसायट्यासुद्धा हॅलोवीनचा भूतबंगला उभा करतात. दर वर्षी कॉलेजची दोन-चार मुलं मला विचारतात, ‘ताई, आम्हाला जमेल का?’ दर वेळी तेच तेच सांगून दमले, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

काम काय असतं ते आधी नीट समजून घ्या. टोळकं येतं, तुम्ही बाहेर येता, ते किंचाळतं, पुढे पळतं, तुम्ही परत आत जाता. सगळं मिळून आठ-दहा सेकंद. दर मिनिटाला एक टोळकं आत सोडलं तर चार तासांत हेच २४० वेळा. नवी मुलं बाहेर येण्याची तालीम आरशासमोर तासन् तास करतात. परत आत जाण्याची तालीम कुणीच करत नाही. म्हणून मग चौथ्या टोळक्याला भूत पडद्याबाहेर उभं राहून पदर सावरताना दिसतं, आणि पुढे रात्रभर त्या वळणावर फक्त हशा होतो.

काम मिळवताना

माणसं ठरतात ती नवरात्राच्या आसपास. पण बडोद्यात नवरात्रात कुणी कुणाला सापडत नाही, त्यामुळे फोन नवरात्राआधीच करून ठेवा आणि तालमी दसऱ्यानंतर धरा. दुसरं, कॅलेंडर बघा. २०२४ साली ३१ ऑक्टोबरला दिवाळीच होती. अशा वर्षी निम्मी भुतं घरी फराळाला बसतात, आणि ज्यांना जमतं त्यांना भाव मिळतो. घरच्यांशी मात्र आधी बोलून घ्या. काळी चौदस म्हणजे आपली नरकचतुर्दशी. त्या रात्री शेजारच्या काकू घरातला कंकास, म्हणजे भांडणतंटा, जावा म्हणून चौकात वडे ठेवून येतात, आणि आपली पोरगी तोंडाला राख फासून बाहेर पडते. आमच्या घरी तिसऱ्या वर्षापर्यंत यावरून अबोला होता.

निवडीच्या वेळी सहसा तीन गोष्टी करून दाखवायला सांगतात: चालणं, ओरडणं आणि नुसतं उभं राहणं. ओरडता सगळ्यांनाच येतं. मुलं गळतात ती उभं राहण्यात. माझ्या पहिल्या वेळी तालीम घेणारे सर म्हणाले होते, ‘सयाजीबागेसमोरच्या पुतळ्यात काळ्या घोड्यावर महाराज बसलेत ना, तशी राहा.’ घरी घड्याळ लावून दोन मिनिटं तसं राहून बघा. नाक खाजतं, गुडघा थरथरतो, डोळ्यांत पाणी येतं. रोज केलंत तर आठवड्यात जमतं. नाटकात काम केलेलं असलं पाहिजे असं काही नाही. गरबा खेळणाऱ्यांचे पाय या कामाला आयतेच तयार असतात, आणि विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सची मुलं सेट रंगवायला येतात ती बऱ्याचदा भुतं होऊनच घरी जातात.

हो म्हणण्याआधी हे विचारा: पैसे रात्रीचे की सीझनचे, आणि कधी मिळणार. जेवण कुणाचं. सुट्टी किती वेळाने (पाऊण तास काम, पंधरा मिनिटं बाहेर, हे मला पटलेलं प्रमाण). कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी आहे का. रात्री घरी सोडणार का. उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. पहिल्या वर्षी मी सगळं तोंडीच ठेवलं, आणि शेवटच्या दोन रात्रींचे पैसे अजून यायचेत.

आणि एक गोष्ट विचारायची नाही, स्वतः जाऊन बघायची: बाहेर पडायची दारं. ११ मे १९८४ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका पार्कच्या भूतमहालाला आग लागली आणि आत अडकलेली ८ तरुण मुलं गेली. पाण्याचे फवारे नव्हते. आपल्याला इतकं लांब जायला नको. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनमध्ये २७ माणसं गेली. भूतबंगला म्हणजे काळं कापड, थर्माकोल, प्लायवूड, वायरी आणि मुद्दाम केलेला अंधार. त्यात खरंच कुणी ‘आग, आग’ ओरडलं तर लोकांना तो खेळाचाच भाग वाटतो. त्या क्षणी वाट ठाऊक असलेला माणूस एकटा तुम्ही असता. म्हणून पहिल्या दिवशीच आपल्या जागेपासून जवळच्या दारापर्यंत डोळे मिटून चालत जा. सगळे दिवे लावायचं बटण कुठे आहे आणि ते कोण दाबणार, हेही माहीत हवं. दाराला बाहेरून कुलूप दिसलं तर कार्यक्रम कितीही मोठा असो, काम घेऊ नका.

आपली जागा

जागा ठरली की तीनदा चालून बघा. एकदा दिवे लावून, एकदा अंधारात, आणि एकदा अंधारात गिऱ्हाईक म्हणून. तिसऱ्या वेळी कळतं की लोकांची नजर कुठे जाते. बहुतेक वेळा ती जिथे उजेड आहे तिथे जाते, म्हणजे तुम्ही नेमकं उलट्या बाजूला असायला हवं.

डोळ्यांचं एक गणित आहे आणि ते आपल्या बाजूचं आहे. उजेडातून अंधारात आल्यावर डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. लोक बाहेरच्या झगमगाटातून येतात, तुमच्यापर्यंत पोचायला त्यांना जेमतेम दोन-तीन मिनिटं. त्यांना काही दिसत नसतं, तुम्हाला त्यांच्या शर्टाची बटणंसुद्धा दिसतात. पण हे तेव्हाच, जेव्हा तुम्ही अर्धा तास आधी आत जाऊन बसलेले असता. मधेच फोन उघडून मेसेज बघितलात की सगळं पाण्यात, परत वीस मिनिटं. काही दिसायलाच हवं असेल तर लाल दिवा वापरा, लाल उजेडाने डोळ्यांची सवय फारशी मोडत नाही. कुणी मोबाइलचा टॉर्च मारलाच तर एक डोळा घट्ट मिटा. तो डोळा पुढच्या टोळक्यासाठी शाबूत राहतो.

धुराबद्दल. मशीनचा धूर घसा कोरडा करतो, पण झेपतो. सुक्या बर्फाचा धूर वेगळा. तो म्हणजे कार्बन डायऑक्साइड, हवेपेक्षा जड, खाली खाली साचणारा. दिसायला सुंदर, पण तुम्ही शवपेटीत किंवा खड्ड्यात आडवे असाल आणि तो तुमच्याकडे वाहत असेल तर तिथे झोपायला स्पष्ट नकार द्या. डोकं जड व्हायला लागलं तर आधी बाहेर या, मग बोला. सुका बर्फ उणे ७८ अंशांचा असतो, उघड्या हाताने धरायचा नाही. लुकलुकणाऱ्या दिव्यांनी काहींना फिट येऊ शकते, म्हणून प्रवेशद्वारावर तशी पाटी हवी. तुम्हाला स्वतःला तो त्रास असेल तर लपवू नका.

घाबरवायचं कुणाला, कसं

टोळक्यात सगळ्यात पुढे असतो तो तयारीत असतो. छाती काढून, मोबाइल पुढे धरून. त्याच्या नादी लागू नका. सगळ्यात मागचा दर दोन पावलांनी मागे बघत असतो, तोही सावध. मधली माणसं दुसऱ्याच्या खांद्यावर विसंबून चाललेली असतात. तुमचं काम त्यांच्याकडे. एक किंचाळला की बाकीचे काय झालं ते न बघताच किंचाळतात.

दिशा फार महत्त्वाची. घाबरवायचं ते बाजूने किंवा मागून, म्हणजे माणसं पुढे पळतात. समोरून उडी मारलीत तर ती मागे वळतात, आणि मागून येणाऱ्या टोळक्यावर आदळतात. अरुंद बोळात चेंगराचेंगरी व्हायला एवढं पुरे. त्याच कारणासाठी कोपऱ्यात कुणाला कोंडायचं नाही. पळायची वाट दिसली तरच भीतीची मजा असते.

आवाज मोठा असण्यापेक्षा अचानक असायला हवा. आमच्या वळणावर एका मुलाकडे स्टीलचा डबा होता, आत चिल्लर. तो डबा प्लायवर एकदाच आपटायचा. महागड्या स्पीकरपेक्षा त्याचंच काम चांगलं व्हायचं. आणि जोडीने काम करणार असाल तर एकाने नजर ओढायची, दुसऱ्याने घाबरवायचं. लोक झोपाळ्यावरच्या बाहुलीकडे बघत असतात, बाहुली काहीच करत नाही, आणि तुम्ही त्यांच्या कानाशी असता.

माझी सगळ्यात चांगली भीती मात्र अगदी हळू आवाजातली होती. रांगेत आमचा एक पोरगा साध्या कपड्यांत फिरत असायचा, लोकांची नावं ऐकायची आणि आत कळवायची. एकदा आठ जणांचं टोळकं आलं. मधला एक आडदांड, मोठ्याने सांगत होता, ‘काही नाही रे, सगळी भाड्याची माणसं आहेत.’ खरंच होतं ते. मला नाव मिळालं होतं, पिंट्या. मी उडी मारली नाही, ओरडले नाही. पडद्यातून त्याच्या मागे गेले आणि आई विचारते तशा आवाजात म्हटलं, ‘पिंट्या, जेवलास का?’ तो जो ‘आई गं’ करून सुटला, त्याची एक चप्पल आमच्याकडेच राहिली. चार सीझन बघते आहे, बाहेर इंग्रजी झाडणारी माणसंही आत आल्यावर घरच्या भाषेतच ओरडतात. आपली ‘आई गं’, गुजराती ‘ओ माडी रे’.

आता परत लपणं. माणूस दचकला की डोळे मिटतात, खांदे वर जातात, मान आत जाते. ते क्षणभराचं मिटणं तुमच्या जाण्यासाठी आहे. डोळे उघडतील तेव्हा तिथे कुणी असता कामा नये. रिकामा बोळ बघून माणूस दुसऱ्यांदा घाबरतो, आणि ही दुसरी भीती तुम्हाला फुकटात मिळते. पण मोह होतो. समोरचा छान किंचाळला की आणखी एकदा ‘हॉ’ करावंसं वाटतं. नाटकाच्या घरात वाढलेल्यांना तर फारच. इथे वन्समोअर नसतो. पावलं मोजून ठेवा: दोन बाहेर, तीन आत, आणि आत जाताना पाठ वळवायची नाही. पडद्याच्या खालच्या पट्टीत नट-बोल्ट किंवा जुनी नाणी शिवून घ्या, म्हणजे तो तुमच्यामागे आपोआप पडतो, हेलकावत राहत नाही. हा हेलकावणारा पडदा नवख्यांची चहाडी करतो.

अंतर दीड हात. यापेक्षा जवळ नाही. दचकलेला माणूस नकळत हात चालवतो आणि त्यात त्याची चूक नसते. मी दुसऱ्याच रात्री नाकावर ठोसा खाल्ला होता, तोही एका आजींचा. तेव्हापासून मी समोर नाही, किंचित तिरकी उभी राहते आणि एक हात छातीपाशी ठेवते.

कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मला १९७३ पासून हॅलोवीनचा कार्यक्रम होतो. तिथली काही भुतं गुडघ्यांना पॅड, हातमोज्यांना धातू लावून जमिनीवरून घसरत येतात, ठिणग्या उडतात. व्हिडिओ बघून आमच्याकडच्या एकाने पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर प्रयोग केला. गुडघा सोलला आणि सीझन बुडाला. ते तिथे महिनोन् महिने सराव करून करतात.

वेश आणि रंग

हडळ व्हायचं असेल तर पाचवारी नेसू नका. पळताना पायात येते. नऊवारी काष्टा घालून नेसा: बसता येतं, रांगता येतं, पळता येतं. आजीच्या ट्रंकेतली जुनी, सुती, विरलेली मिळाली तर सोनं. नायलॉन, जॉर्जेट नको, दिव्याच्या उष्णतेजवळ धोका. पदर खोचून शिवून टाका, टाचण्या नकोत. हडळीची उलटी पावलं करायची असतील तर रबराची पावलं चपलेच्या टाचेला लावतात, छान दिसतात, पण पायऱ्या असलेल्या जागी घालू नका. केस मोकळे. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून घरातून निघताना आई जे बोलते, ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

मुखवट्यापेक्षा रंग बरा. ऑक्टोबरात बडोद्यात रात्रीही घामाच्या धारा लागतात, आणि रबरी मुखवट्यात दिसतही नाही, श्वासही पुरत नाही. जखम घरी होते: व्हॅसलीनमध्ये मैदा मळायचा, त्वचेवर थापून कडा बोटाने पुसट करायच्या, मधोमध चमच्याच्या दांड्याने चीर पाडायची, आत लाल रंग, कडेला थोडी कॉफी पावडर. डोळ्यांखाली काजळ बोटाने ओढा. आणलेली प्रत्येक वस्तू एक दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, पातळ रबर (लिक्विड लेटेक्स) तर नक्कीच, कित्येकांना त्याची अ‍ॅलर्जी असते. पांढऱ्या डोळ्यांच्या लेन्स बाजारातून उचलून घालू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तर मुळीच नाही. आणि कुणी जुनी युक्ती म्हणून चेहऱ्याला फासायला मुर्दाडशिंग सुचवलं तर हात जोडा, त्यात शिसं असतं.

रक्ताबद्दल मात्र माझा अनुभव ऐकाच. पुस्तकी कृती सांगते: साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग, चिमूटभर कोको. दिसतं अगदी खरं. मी ते गळ्यापासून पोटापर्यंत ओतून गवतावर ठेवलेल्या शवपेटीत झोपले. पहिला अर्धा तास उत्तम. मग मानेला काहीतरी चावलं. मग काखेत. तेवढ्यात टोळकं आलं, मला हलायचं नव्हतं. मुंग्यांची रांग पेटीच्या फटीतून सरळ माझ्या कानामागे चालली होती आणि वर एक बाई नवऱ्याला सांगत होती, ‘अहो, ही खरी नाही, पुतळा आहे.’ त्या रात्री मी जी उठले आणि किंचाळले, तशी पुढे कधी जमली नाही. तेव्हापासून आडवं पडायचं असेल तर कॉर्नफ्लॉवर पाण्यात शिजवून त्यात रंग घालते, साखर अजिबात नाही. ते टिकत नाही, रोज ताजं करावं लागतं. रंग लावण्याआधी अंगाला खोबरेल चोळा, नाहीतर चार दिवस ऑफिसात गुलाबी मान घेऊन बसावं लागतं.

घशाचं थोडक्यात: दर वेळी ओरडू नका. चार टोळक्यांना एक किंकाळी, बाकीच्यांना डबा, पैंजण, नखांचा ओरखडा. कोमट पाणी, तोंडात ज्येष्ठमधाची काडी. घसा बसला तर कुजबुजू नका, कुजबुजण्यानेही तो ताणला जातो. गप्प बसा.

हात लावायचा नाही

तुम्ही त्यांना नाही, त्यांनी तुम्हाला नाही. नियम दोन्हीकडून. मुलींनी हे नीट वाचा. अंधार आहे, तुम्ही हडळ आहात, म्हणजे काहीही चालतं असं वाटणारी पोरं येतात. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, तरी काहींच्या तोंडाचा वास... असो. हात लागला की सोंग तिथेच संपवा. दोन पावलं मागे, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे, आणि साध्या, मोठ्या आवाजात ‘थांबा’. ही फुलीची खूण सगळ्या भुतांना आणि बाउन्सरना आधी माहीत हवी, म्हणजे शेजारचा राक्षसही धावून येतो. व्यवस्थापक म्हणाला ‘एवढं चालतंच’, तर पुढच्या रात्री जाऊ नका. मी एक ठिकाण याच कारणाने सोडलं.

लहान मूल रडायला लागलं की गुडघ्यावर बसा, केस मागे घ्या, आपल्या आवाजात नाव विचारा. गरोदर बाई, काठी घेतलेले आजोबा, छातीवर हात ठेवून भिंतीला टेकलेला माणूस: यांना वाट दाखवायची, बाकी काही नाही. परदेशात काही पार्कांत ‘मला घाबरवू नका’ सांगणारी चमकती माळ मिळते. इथे नसते, म्हणून चेहरे वाचायला शिका. हसत किंचाळणारा आणि नुसता किंचाळणारा, यांत फरक असतो. दहाव्या टोळक्यापर्यंत तो कळायला लागतो.

निघताना

रंग तिथेच उतरवा. खोबरेल तेल, जुना पंचा, मग साबण. कंटाळा करून तसेच रस्त्यावर गेलात तर रिक्षा थांबत नाही. मी एकदा रात्री साडेबाराला तशीच उभी होते. पहिली रिक्षा हळू झाली, ड्रायव्हरने बघितलं आणि वेग वाढवला. दुसऱ्याने लांबूनच वळवली. तिसरे काका थांबले, म्हणाले, ‘बेन, पहेलां पग बतावो.’ मी पावलं दाखवली, सरळ होती, तेव्हा बसू दिलं.

घरी आई जागीच होती. दारात उभी करून मीठमोहऱ्या उतरवल्या, पायांवर पाणी घातलं, मग विचारलं, ‘जेवलीस का?’